लाकूड मी बघीन

निवृत्तीभाऊचा लाकडाचा टेम्पो मागच्या फाटकातून आत आला, तेव्हा मी भांडायच्या तयारीतच उभी होते. लाकूड वजनावर येतं. ओलं लाकूड जड भरतं, म्हणजे लाकडाच्या भावात मी पाणी विकत घेते, हे मी त्याला दर खेपेला सुनावते आणि तो दर खेपेला मान हलवतो. त्या दिवशी त्याने मान हलवली नाही. टेम्पोची फळी खाली सोडत म्हणाला, "ताई, ओलं तुम्हीच मागता. वाळलेलं मागणारी होती, ती गेली." मी म्हटलं, "गेली म्हणजे? गावाला गेलीय. येईल थंडी सरली की." त्याने हातातला ओंडका परत टेम्पोत ठेवला. "गावाला नाय, ताई... गेली. दिवसपण झाले तिचे. तुम्हाला कुणी सांगितलं नाय?"

मला कुणी सांगितलं नव्हतं. जी बाई नऊ वर्षं माझ्या हॉटेलात होती, जिच्या जाळावर माझं हॉटेल उभं राहिलं, ती येसूमावशी पेठच्या डोंगरात वारली, तिचे दिवसही झाले, आणि मला ते लाकूडवाल्याच्या तोंडून कळलं. मला रडू आलं नाही, राग आला. मी रागीट आहे, हे माझ्याकडे एकदा जरी माल टाकला असेल त्याला माहीत आहे. निवृत्तीभाऊला मी त्याच्या ओल्या मालासकट हाकलून दिलं. दुकान अर्धवट टाकून गाडी काढली आणि सरळ पेठचा रस्ता धरला, तिच्या मुलीला जाब विचारायला. त्या गोष्टीला आता दीड महिना झाला. राग अजून तसाच आहे. फक्त तो कुणावर काढायचा, ते मला कळेनासं झालंय. म्हणून लिहायला बसले.

वाचणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी माझ्याकडे मिसळ खाल्ली असेल. नाशिकच्या बाहेर, द्राक्षबागांमधून जाणाऱ्या रस्त्यावर माझं हॉटेल आहे. पत्र्याची शेड, बाजा टाकलेल्या, मोठी मातीची चूल. त्याआधी मी अंबडला एका कारखान्याच्या फाटकाबाहेर हातगाडी लावायचे. नवऱ्याचं काम सुटलं होतं, घरी दोन मुली, आणि मला एकच गोष्ट बरी येत होती, भाव पाडणं. मटकीवाल्यापासून जागामालकापर्यंत कुणालाही मी पहिल्या तोंडी सांगितलेली किंमत आजवर दिलेली नाही. समोरच्याने आकडा सांगितला की मी हसते, वळते आणि चार पावलं चालते. पाचव्या पावलाला हाक येतेच. या पाच पावलांवर मी हातगाडीची शेड केली. लोकांना चुलीवरच्या मिसळीचं वेड लागलं, तेव्हा ते माझ्या लवकर लक्षात आलं आणि ती जागा मी घेतली. एकच अडचण होती. मला चूल पेटवता येत नव्हती. मी चाळीत स्टोव्हवर वाढलेली. लाकूड कसं जळतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

पहिल्या दिवशी मी मागच्या अंगणातल्या चुलीत लाकडं ठासून भरली, वर रॉकेल ओतलं आणि काडी लावली. जाळ झाला तो रॉकेलचा. तो संपल्यावर जो धूर सुटला, त्याने शेड भरली. नवरा खोकत बाहेर पळाला. मी हट्टाने फुंकत बसले होते. तेवढ्यात रस्त्याने बागेच्या छाटणीला निघालेल्या बायांमधली एक थांबली. पन्नाशीची, काटक, काष्टा घातलेली, कमरेला कोयता. मागच्या फाटकाशी येऊन आत वाकून म्हणाली, "चूल पेटवती का पोळं उठवती, ताई?" मधमाश्यांचं पोळं उठवायला धूर करतात, ते मला तेव्हा माहीत नव्हतं, पण ती मला हसतेय एवढं कळलं. मी तापलेच होते. म्हटलं, "येत असेल तर ये आणि कर. नसेल येत तर रस्ता धर." ती आली. चुलीतली अर्धी लाकडं ओढून बाहेर काढली. उरलेली अशी टेकवली की त्यांच्यामधून पलीकडचं दिसावं. कोयत्याने एका फाट्याच्या पातळ ढलप्या काढून खाली सारल्या. फुंकणीला हातही लावला नाही. थोड्या वेळात चूल अशी पेटली की धूर होता कुठे, असं वाटावं. "कोंबलं की गुदमरतं ते," ती म्हणाली. "त्याला पण श्वास लागतो ना."

ती येसूमावशी. माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठी, तरी मला ताई म्हणायची. त्याच दिवशी मी तिला कामाला ये म्हटलं आणि सवयीने मजुरी कमी सांगितली. ती वाढवून मागेल, मी हसेन, वळेन, असा माझा हिशेब होता. तिने मागितलंच नाही. म्हणाली, "तू देशील ते. पण लाकूड मी बघीन. कोणतं आणायचं, किती वाळवायचं, ते मी सांगन. त्यात तू बोलायचं नाय." मला हसूच आलं. एवढा स्वस्त सौदा मला आयुष्यात कुणी दिला नव्हता. मी लगेच हो म्हटलं. आता वाटतं, तिने तिची खरी किंमत पहिल्याच तोंडी सांगितली होती, आणि मी ती ऐकलीच नाही.

पुढची पाच-सहा वर्षं मागच्या अंगणात तिचं राज्य होतं. पावसाळ्याआधी आलेल्या लाकडाला ती वर्षभर हात लावू द्यायची नाही. आडवी-उभी रचून, मधून वारा खेळेल अशी रास, वर पत्रा. टेम्पो आला की दोन फाटे घेऊन एकमेकांवर आपटायची. वाळलेलं लाकूड टणकन वाजतं, ओलं ठप्प. ठप्प वाजलं की परत. निवृत्तीभाऊ तिला तेव्हा टरकून असायचा. मी वजनावरून भांडायचे आणि ती आवाजावरून, आमच्या दोघींच्या मधे तो बिचारा घामाघूम व्हायचा. "मावशी, तुम्ही काय तबला घ्यायला आल्या का?" असं एकदा वैतागून म्हणाला, तर ती म्हणाली, "तबला असता तर ओला पण चालवला असता रं, तो जाळायचा नसतो." मिसळ तिने कधी खाल्ली नाही. "लाल पाणी" म्हणायची रश्श्याला. दुपारी गर्दी ओसरली की चुलीच्या बाजूच्या वैलावर स्वतःची नागलीची भाकरी गरम करायची, मिरचीबरोबर खायची, आणि पाठीमागच्या भिंतीला टेकून डोळे मिटायची. फुंकणी तिने दाराला अडसर म्हणून वापरली. फुंकणी लागली म्हणजे चूल मांडायलाच चुकली, हे तिचं म्हणणं.

आमच्याकडे तेव्हा दर रविवारी एक काका यायचे. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर नोकरी करून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना बॉयलरकाकाच म्हणायचो. ते मिसळ मागवून चुलीजवळची बाज धरत आणि मावशीच्या कामाकडे बघत बसत. एकदा म्हणाले, "आमच्याकडे चिमणीतून काळा धूर निघाला की साहेब खाली धावत यायचा. काळा धूर म्हणजे जाळायचं ते जाळलं नाही, वर फेकून दिलं. या बाईंना ते कुणी शिकवलं?" मावशी जरा पुढे सरकली. एक जाड फाटा चुलीत मुद्दाम असा सारला की जाळ दबला आणि पांढरा दाट धूर वर यायला लागला. मग तिने पेटती काटकी घेतली आणि लाकडाला न लावता नुसती त्या धुरात धरली. भप्पकन आवाज झाला. धुरानेच पेट घेतला, जाळ धुरातून खाली लाकडापर्यंत उतरला आणि धूर नाहीसा झाला. "बघा, पावणं," ती म्हणाली, "धूर म्हणजे उपाशी राहिलेला जाळ."

काका चमचा हातात धरून तसेच बसले होते. मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि मी ते विसरले नाही, कारण पुढे मला ते पुन्हा पुन्हा आठवत राहणार होतं. लाकूड तापलं की त्यातून वाफा निघतात. आपण जाळ म्हणतो तो मुख्यतः त्या वाफांचा. त्या वाफांना पुरेशी उष्णता आणि हवा मिळाली तर त्या जळून जातात. नाही मिळाली तर तशाच कच्च्या, न जळता वर निघून जातात. तो धूर. ओलं लाकूड घातलं की चुलीची सगळी ताकद आधी त्यातलं पाणी उकळण्यात जाते. लाकडाच्या कापलेल्या टोकाला फेस येतो, सूं सूं आवाज येतो, जाळ थंड पडतो आणि धूर सुटतो. काजळीचंही तसंच. पिवळा जाळ दिसतो तो त्यातल्या कोळशाच्या अगदी बारीक कणांमुळे. ते तापून चमकत असतात. शेवटपर्यंत जळू दिले तर संपतात. मधेच थंड भांड्याचं बूड आडवं आलं तर तिथेच विझतात आणि चिकटतात. मावशी म्हणूनच टोप आधी वैलावर गरम करून घ्यायची, आणि चुलीवर ठेवताना जाळाचं फक्त टोक बुडाला लागेल इतका उंच ठेवायची. बुडाला बाहेरून मातीचा हात फिरवायची, म्हणजे जी काही काजळी बसेल ती पाण्यासरशी निघावी. आमचे टोप घासणारी बाई म्हणायची, या हॉटेलात काम कमी आहे.

हे सगळं मी मोडलं. कसं, ते सांगते. त्या रस्त्याला हळूहळू दहा हॉटेलं झाली, सगळ्यांच्या पाट्यांवर चूल. एक दिवस गाडीतून एक मोठं कुटुंब आलं. त्यातल्या गृहस्थाने चुलीकडे बघितलं आणि बायकोला म्हणाला, "गॅस असणार खाली. नुसती चूल मांडून ठेवलीय. धूर कुठे आहे?" मी चिडले. त्याला हाताला धरून चुलीपर्यंत नेलं, लाकडं दाखवली. तो म्हणाला, "बरं बरं, असेल." असेल! माझ्या खऱ्या चुलीला तो असेल म्हणाला. त्यानंतर मी लक्ष ठेवून बघायला लागले. शेजारच्या हॉटेलात पुढेच चूल होती, ती दिवसभर धुमसायची, आणि गाड्या तिकडे वळायच्या. लोक धुराबरोबर फोटो काढायचे. मी मनात गणित केलं. लोकांना चुलीची चव कळत नाही, धूर दिसतो. जो दिसतो तो विकावा. मी मागच्या मोकळ्या अंगणातली चूल मोडली आणि पुढे, रस्त्याला तोंड करून, शेडच्या कोपऱ्यात पत्र्याखाली नवी बांधली. निवृत्तीभाऊला सांगितलं, आजपासून ओलं आण, आंब्याचं असलं तरी चालेल.

मावशीने पहिला फाटा हातात घेतला, दुसऱ्यावर आपटला आणि माझ्याकडे बघितलं. "हे काय?" मी म्हटलं, "हेच जाळायचं." ती म्हणाली, "धूर इकायचाय का मिसळ?" चार गिऱ्हाईकं ऐकत होती. त्यातलं कुणी हसलं. मी भडकले. "मालकीण मी आहे का तू?" तिने हातातला फाटा खाली ठेवला. मला वाटलं, आता ती तिची अट काढेल. लाकूड मी बघीन, असं ठरलं होतं ना, म्हणेल. मी उत्तरही तयार ठेवलं होतं. तिने अट काढली नाही. पदर नाकावर बांधला आणि बसली.

चार वेळा तरी मी या जागी थांबून लिहिलेलं खोडलं. मला तिच्यावर राग आहे तो याच्यासाठी. मावशी, तू भांडली का नाहीस? मला तीच एक भाषा येते, हे तुला माहीत होतं. तू उठून चार पावलं चालली असतीस तर पाचव्या पावलाला मी हाक मारली असती. मी जगाला असंच नमवलं आणि असंच कुणी मला नमवलं असतं. तू माझ्याशी घासाघीस केली नाहीस. जे दिलं ते घेतलंस... धूरसुद्धा.

तीन हिवाळे ती त्या कोपऱ्यात बसली. पहाटे पाचपासून दुपारी तीनपर्यंत. गर्दी वाढली, हे खोटं कशाला सांगू. गाड्या लांबून धूर बघून वळायच्या. आधी तिचे डोळे लाल असायचे, मग खोकला आला. मी म्हणायचे मिसरी सोड. मग चढ नको, बादली नको, असं सुरू झालं. एक दिवस मटकीचं पातेलं उचलताना ती खाली बसली आणि उठेना, तेव्हा मी तिला शहरात छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फोटो काढला, फुंकायला नळी दिली. फुंकणीला कधी हात न लावणाऱ्या बाईला ती नळी फुंकता येईना. डॉक्टरांनी विचारलं, "बिडी ओढता का?" "नाय." "घरात कोण ओढतं?" "नाय." "मग घरी चुलीवर स्वयंपाक असेल." मावशी जरा ताठ झाली. "घरची चूल मी बांधलीय, साहेब. तिला धूर नाय." डॉक्टरांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

तिला बाहेर बसवून मी पुन्हा आत गेले. आयुष्यभर जे केलं तेच करायला लागले. म्हटलं, डॉक्टर, अजून काहीतरी असेल. मोठं औषध असेल, मुंबईला असेल, तुम्ही नुसतं सांगा. ते शांतपणे म्हणाले, "पुढचं नुकसान थांबवता येईल. झालेलं भरून येत नाही. भांड्याची काजळी घासून निघते, फुप्फुस घासता येत नाही." मी हसले नाही, वळले नाही, चार पावलं चालले नाही. त्या खोलीत चालून जायला जागाच नव्हती. मी म्हटलं, "काहीतरी कमी-जास्त करा ना." पहिल्यांदाच मी ते विनवणी म्हणून म्हटलं. ते म्हणाले, "तिला धुरातून काढा."

मी तिला धुरातून काढलं. धूर काढला नाही. चुलीवर मंदा नावाची दुसरी बाई बसवली आणि मावशीला मागे मटकी निवडायला. मनाशी म्हटलं, दिवाळीची गर्दी होऊन जाऊ दे, मग वाळलेलं लाकूड भरू. मग म्हटलं, द्राक्षांचा हंगाम होऊन जाऊ दे. मावशी मटकी निवडता निवडता उठायची, धापा टाकत पुढे यायची आणि मंदाच्या चुलीतलं ओलं लाकूड ओढून काढायची. "पोरी, तोंड बाजूला धर. वाऱ्याकडं बस," असं तिला शिकवायची. एका रविवारी शेड भरलेली असताना तिने जळता ओंडका ओढला तो खाली पडला आणि राख उडाली. मी सगळ्यांदेखत ओरडले, "मावशी, तुला आराम दिलाय ना? मग गप बसून राहा की!" ती म्हणाली, "बसते." दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मुलीकडे गावाला गेली, असं कळलं. मी म्हटलं, बरं झालं, तिथली हवा चांगली.

दोन महिन्यांनी मी तिला भेटायला गेले. तीच आमची शेवटची भेट. डोंगराच्या कुशीत चार घरांची वस्ती, त्यातलं एक तिच्या मुलीचं, सुमनचं. मावशी दारात उन्हाला बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून, खांदे वर ओढून. एकेक श्वास पुढच्या श्वासाला विचारून घेतल्यासारखा. मी गॅसची शेगडी नेली होती, औषधं, फळं. आतल्या चुलीवर सुमन पेज करत होती, मी आत शिरून ओरडणार होते की हिच्याजवळ चूल कशाला पेटवता, आणि बघते तर धूर नव्हताच. बारीक, स्वच्छ जाळ. मी बाहेर येऊन मावशीजवळ बसले. ती थांबत थांबत बोलत होती. मंदा कशी आहे, तिच्या लहान पोरीचं काय. मग म्हणाली, "ताई... ओलं बंद केलं का?"

मी म्हटलं, "हो, मावशी. कधीच."

तिने हात पुढे केला, माझा पदर धरला आणि नाकाजवळ नेला. तिला खोल श्वास घेता येत नव्हता, जेवढा आला तेवढा घेतला. मला काय करावं कळेना. तो पदर ओढून घ्यावासा वाटला. तिने तो सोडला, माझ्या मांडीवर नीट ठेवला, वरून हात फिरवला. "आंबा हाय," म्हणाली. "पंधरवडा झाला नसंल तोडून." आणि मग, जणू तिने काही विचारलंच नव्हतं, मी काही सांगितलंच नव्हतं, अशी म्हणाली, "पेज खाऊन जा. गरम हाय."

मी पेज खाल्ली. गाडीत बसल्यावर ठरवलं, उद्या ओलं बंद. उद्या शनिवार होता. मग रविवार आला...

त्यानंतर थेट निवृत्तीभाऊचा टेम्पो. मी तशीच पेठला गेले, ते सुरुवातीला सांगितलंच. दारात सुमन होती. मी गाडीतून उतरल्या उतरल्या आवाज चढवला. "मी परकी होते का? नऊ वर्षं माझ्याकडे होती ती. एक फोन करता आला नाही? मी दवाखान्यात नेलं असतं, मी मुंबईला नेलं असतं, मी..." सुमन ऐकत उभी राहिली. सगळं ऐकून घेण्याची सवय तिच्याकडे आईचीच आलीय. मी थांबल्यावर म्हणाली, "मी फोन करणार होते, ताई. हातात घेतला होता. आईनं नको सांगितलं."

"का? एवढा राग होता माझ्यावर?"

"राग नाय." सुमनने माझ्याकडे न बघता सांगितलं. "म्हणाली, ताई येईल, मी परत इचारीन, तिला परत खोटं बोलाया लागंल. लाज वाटंल तिला. नको बोलवू."

मी तिथे जाब विचारायला गेले होते. मी अंगणात खाली बसले. सुमनने पाणी आणून दिलं. तेवढ्या वेळात मला समजलं की माझ्याकडे आता ओरडायलाही कुणी उरलं नाही. डॉक्टरांनी खरं सांगितलं होतं. सुमनने आईचं ऐकलं. निवृत्तीभाऊने मी मागितलं ते आणलं. ज्या गृहस्थाने गॅस असेल म्हटलं, त्याला तर ते आठवतही नसेल. आणि मावशीने जाता जाता मला वाचवलं, माझ्याच खोट्यापासून. यातल्या कुणाशी भांडू?

ओलं लाकूड बंद केलं त्याला दीड महिना झाला. चूल पुन्हा मागच्या मोकळ्यात नेली. मंदाला दोन फाटे आपटून दाखवले, टणकन कसं वाजतं ते. मला तेवढंच येतं, बाकीचं शिकवणारी गेली. आमची चूल अजून अधूनमधून धुमसते, तेव्हा मंदा घाबरून माझ्याकडे बघते आणि मी घाबरून चुलीकडे. लोक गाडी उभी करतात, आत डोकावतात आणि विचारतात, "खाली गॅस आहे का हो?" आता मी कुणाला हाताला धरून चुलीपर्यंत नेत नाही. काहीजण शेजारी जातात. शेजारीही कुणीतरी पदर नाकाला बांधून बसलेली आहे, हे मला इथून दिसतं. तिच्या मालकाशी मी दोनदा बोलून आले. तो हसला आणि वळला. मीच पाचव्या पावलाला हाक मारली, तर तो थांबला नाही.

पुढचा कोपरा मात्र मी तसाच ठेवलाय. रंगारी आला होता मागच्या आठवड्यात. चूल गेली, आता भिंत पांढरी करून टाकू, म्हणाला. त्या भिंतीला मी चूल बांधताना चुना लावून घेतला होता. आता ती छतापर्यंत काळी आहे, चिकट, बोट लावलं तर बोटाला येते. फक्त खाली, चुलीसमोर, दीड हात रुंदीचा एक भाग पांढरा राहिलाय. वर गोलसर, जिथे डोकं टेकायचं. खाली रुंद, जिथे पाठ आणि खांदे. तीन हिवाळे ती तिथे टेकून बसली, म्हणून तेवढ्या भिंतीला काजळी लागली नाही.

रंगाऱ्याने भिंतीवर घासणी ठेवली तसा मी त्याचा हात धरला. तो म्हणाला, "ताई, काळं काढायचं का पांढरं?" मी त्याला परत पाठवलं. तेवढ्या भागावर जी बसायला हवी होती ती काजळी कुठे गेली, ते मला माहीत आहे. रोज सकाळी मंदा मागे चूल पेटवते, मी त्या भिंतीजवळ उभी राहते आणि अंगावरचा पदर नाकाशी नेते. आंब्याचा वास आता येत नाही, मावशी. तू एकदा बघ ना.